फेकलेली ढाल

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे आणि आजवर मी कोणाचाही जीव वाचवलेला नाही. हे मी मान खाली घालून सांगत नाही. मला तशी संधीच कोणी दिली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी लढाईतली नव्हे, नाटकातली ढाल. त्याआधी मी एका लाँड्रीतल्या बॉयलरचा तांब्याचा पत्रा होते. बॉयलर गळायला लागला आणि मी भंगारात निघाले. एका तांबटाने मला कापले, ठोकून गोल केले, पाठीला चामड्याची मूठ बसवली. "दिसायला कशीही चालेल, आवाज मात्र खणखणीत पाहिजे," असे नाटक मंडळीच्या मालकाने त्याला बजावले होते. ढालीला आवाज कशाला, हे मला पहिल्याच प्रयोगात कळले.

ही मंडळी वर्षानुवर्षे एकच नाटक करीत होती. एका फार जुन्या महाकाव्यावरचे. त्यातल्या वीराला लढाईच्या सकाळी त्याची आई सांगते, "घरी राहिलास तर म्हातारा होशील, नातवंडं खेळवशील, पण तुझं नाव तुझ्याबरोबरच संपेल. रणात गेलास तर आज सूर्य मावळायच्या आत मरशील, पण तुझं नाव लोकांच्या तोंडी राहील." दोन्हींतले एकच मिळणार, असे विधिलिखित. आई रडते, त्याचा हात धरते. वीर म्हणतो, "मरण ठरलेलंच असेल तर ते समोरून येऊ दे. त्याला अडवायला ढाल कशाला?" आणि मला भिरकावून देतो.

झाली माझी भूमिका! ठण्ण करून फळ्यांवर आपटायचे, गरगरत कोपऱ्यात जायचे आणि तिथून त्याचे मरण बघत बसायचे. प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तलवारी लाकडाच्या, वर चंदेरी कागद डकवलेला, तरी त्या मिरवणार. अख्ख्या नाटकात खरा धातू म्हणजे मी, आणि मलाच फेकणार! अरे, एकदा तरी नीट धरून बघा मला!

वीर पडला की आई मला उचलून त्याच्या छातीवर ठेवायची. काव्यात तसे होतेच, पण त्यात मंडळीची सोयही होती. मेलेल्या माणसाची छाती वरखाली होताना दिसली की लोक हसतात. माझ्याखाली श्वास झाकला जायचा. शिवाय आमच्या रंगमंचाला पडदा नव्हता आणि मालकांचा नियम कडक होता. मेलेला वीर नमस्काराला उठणार नाही. शेवटचा प्रेक्षक दाराबाहेर जाईपर्यंत त्याने तसेच पडून राहायचे. "वीर मेला म्हणजे मेला. त्यानं उठून दात काढायचे नाहीत," मालक म्हणायचे.

वीराचे काम करणारा नट काटकुळा होता, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. आईचे काम त्याची सख्खी धाकटी बहीण करायची. ऐन तारुण्यात ती आपल्या मोठ्या भावाची आई झाली, ती कायमचीच. प्रयोग संपला की दोघांची जुंपायची.

"दादा, मेल्यावर नाक कसलं खाजवतोस? पहिल्या रांगेला दिसतं."

"माशी बसली होती गं, छोटे. तू आई ना माझी? हाकलायची होतीस."

पैलवानाचे काळीज मला जेवढे ठाऊक होते तेवढे कोणालाच नव्हते. लढून पडला की ते माझ्या पोटाला धडका द्यायचे आणि हळूहळू शांत व्हायचे. पुढे पुढे ते लवकर शांत होईना. मधेच एखादा ठोका गाळू लागले. मी कोणाला सांगणार? अखेर एकदा तो जिन्यात मटकन खाली बसला, तेव्हा सगळ्यांना कळले. डॉक्टरांनी सांगितले, आता नाटक बंद, नाहीतर जिवाशी खेळ होईल.

माझीही तीच गत होती. आपटून आपटून माझ्या मधोमध चीर गेली होती. तांबट म्हणाला, "आणखी एकदा आपटलीत तर दुभंगणार. भिंतीवर टांगा आता, शोभेल."

पैलवान म्हणाला, शेवटचा एक प्रयोग करतो. बहीण रंगपटात त्याच्यासमोर उभी राहिली.

"नको जाऊस दादा. घरी राहा."

"हे तर तू मला रोजच सांगतेस," तो मिशी चिकटवत हसला.

"ते आई सांगते. हे मी सांगतेय."

त्याने मिशी दाबून बसवली. मला उचलले आणि निघाला.

त्या संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरले होते. आईचे भाषण आले. "नको जाऊस रे, बाळा," असे त्यातले वाक्य होते. बहिणीने त्याचा हात धरला आणि तिच्या तोंडून निघाले, "नको ना जाऊस, दादा."

आता लोक हसणार, असे मला वाटले. कोणीही हसले नाही.

पैलवानाने माझी मूठ आवळली. इतक्या घट्ट त्याने मला कधीच धरले नव्हते. धर! असाच धर मला! मी मनात ओरडत होते. तो बहिणीकडे वाकला आणि फक्त तिला ऐकू येईल असे म्हणाला, "छोटे, ढाल धरून बसलो तर मी नुसता काटकुळा उरतो गं." मग ताठ झाला, आपले वाक्य खणखणीत म्हणाला आणि मला फेकले.

मी दुभंगले. दोन तुकडे दोन दिशांना गेले. पैलवान लढला आणि पडला. बहिणीने माझे तुकडे गोळा केले, कडेला कड लावली आणि मला त्याच्या छातीवर ठेवले. खाली काळीज धडका देत होते. मग एक ठोका गळला. मग आणखी एक.

आणि प्रेक्षक जाईनात! टाळ्या संपल्या तरी सगळे उभेच. त्यांना पैलवानाला उठलेले बघायचे होते. ते जाईनात म्हणून हा उठेना, आणि हा उठेना म्हणून ते जाईनात. बहीण शेजारी मान खाली घालून बसली होती. त्याची छाती तिला दिसत नव्हती, कारण मधे मी होते. तिने माझ्यावर तळवा ठेवला, पण थंड तांब्यातून तिला काय कळणार? मला मात्र कळत होते. ठोका आला नाही. पुढचाही आला नाही. तो मेला, असे मला वाटले.

तेव्हा तिने महाकाव्यात नसलेली गोष्ट केली. वीराच्या आईने भर रंगमंचावर माझे दोन्ही तुकडे उचलून भिरकावले, ठण्ण, ठण्ण, आणि भावाच्या छातीला कान लावला.

पैलवानाने एक डोळा उघडला. "अगं, लोक आहेत अजून," तो कुजबुजला.

"असू देत," ती मोठ्याने म्हणाली. "ऊठ."

तो उठला. धडपडत, तिच्या खांद्याचा आधार घेत, पण उठला. मेलेल्या वीराने पहिल्यांदाच वाकून नमस्कार केला आणि मालकही नियम विसरून टाळ्या वाजवत राहिले.

पैलवान त्यानंतर बरीच वर्षे जगला. म्हातारा झाला, नातवंडे खेळवली, आणि त्या प्रयोगामुळे त्याचे नावही लोकांच्या तोंडी राहिले. विधिलिखितात दोन्ही एकत्र नव्हते. त्याने दोन्ही घेतले.

मग एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. हातातला चहा अर्धाच प्यायला होता. महाकाव्यात असे मरण कोणाला येत नाही. बहिणीने मला रिव्हेट मारून जोडून घेतले होते. तिने मला आणून त्याच्या छातीवर ठेवले. मी खूप वेळ ऐकत राहिले. या वेळी खरोखरच काही नव्हते. तिने मला फेकले नाही. दोन्ही हातांनी दाबून धरले.

मरण सगळ्यांनाच आहे, त्यावर माझा वाद नाही. माझा वाद आहे तो या काचेशी. आता मी नाट्यगृहाच्या दारात काचेच्या कपाटात असते. 'हात लावू नये' अशी पाटी आहे. नाटक अजून चालते. वीराचे काम आता पैलवानाची मुलगी करते, पण तिच्या हातात प्लास्टिकची ढाल आहे. ती फेकली की थप्प वाजते. इथवर ऐकू येते आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून मी निरोप घ्यावा अशी तुमची अपेक्षा असेल. मी तसे सांगणार नाही. कपाटातले दीर्घायुष्य मी मागितले नव्हते. रिव्हेट निखळतील, मी पुन्हा दुभंगेन, कदाचित तांबटालाही जोडता येणार नाही. ठरलेलेच असेल तर ते समोरून येऊ दे. ही काच उघडा, मला त्या पोरीच्या हातात द्या आणि तिला सांगा, आधी घट्ट धर. मग फेक.