रूपकांती मलमाची डबी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी डबी आहे, आणि माझी हकिकत जेवताना ऐकू नका.

देश स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. झाकणावर एका गोऱ्यापान बाईचं चित्र आणि पोटात सुवासिक पांढरी पावडर. ते माझे चांगले दिवस. पावडर संपली तशी मालकिणीनं मला उकिरड्यात टाकलं. तिथं शिळ्या भाताखाली मी अख्खा पावसाळा काढला. याहून घाण जागा जगात नसेल, असं मला वाटायचं. मी तोवर काळूरामची झोपडी पाहिली नव्हती.

काळूराम उरणच्या बाजारात ‘रूपकांती मलम’ विकायचा. भंगारात आलेल्या डब्या तो विकत घ्यायचा. मी अशीच त्याच्या हाती पडले. त्यानं मला पाण्याचा थेंबही दाखवला नाही. धोतराच्या ज्या सोग्यानं नुकतंच नाक पुसलं होतं, त्याच सोग्यानं मला आतून पुसलं. कोपऱ्यात एका काळ्या मडक्यात खाटकाकडची आंबूस चरबी होती. तीत रसकापराची विषारी पूड टाकून तो कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा. त्या हाताला नायटा होता. मधेच तो कराकरा खाजवायचा आणि हात पुन्हा मडक्यात जायचा. वरून गुलाबाचं स्वस्त अत्तर. मला भरताना एक माशी मलमात रुतली आणि पाय झाडू लागली. काळूरामनं ती बोटानं आत दाबली आणि झाकण लावलं. मित्रांनो, माझं तोंड बंद झालं, पण पोटातलं मला ओकता येत नव्हतं.

बाजारात त्याच्या समोरच रतन बसायची. रतन कोळीण. तिच्या नवऱ्याचं नाव सदा. तो होडीवर असायचा आणि ती सकाळी मासळीची पाटी घेऊन यायची. कान्हा पोटात असताना तिच्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले होते. त्यांना वांग म्हणतात. पुष्कळ बायकांना तो येतो आणि उन्हानं वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. पण रतनला आता पाटीतल्या पाण्यात स्वतःचं तोंड बघवत नसे.

काळूरामला ते बरोबर कळलं होतं.

“वयनी,” तो एक दिवस म्हणाला, “ह्या त्वांडानं घरधन्याला वाढता? त्यो होडीवरनं घरी कशाला यील?”

रतननं मान खाली घातली. उठताना पदराखालून तिनं मला घेतलं. आपल्याला उगाच शरम वाटायला लावणाऱ्या माणसाकडूनच आपण औषध का घेतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

घरी मला भिंतीतल्या दिवळीत ठेवलं. समोरच खुंटीवर सगळ्या घराचा एकच पंचा लटकत होता. सदा त्यानं अंग पुसायचा, सासू गोदूबाई त्यालाच मासळीचे हात पुसायची. वाळला की तो फळीसारखा ताठ व्हायचा. रतन बाजारातून आली की खवलं चिकटलेल्या हातांनी तोंडावर पाणी मारायची, तो पंचा गालांवर खसखसा घासायची आणि मग माझ्यात बोट घालायची. खारं पाणी, घाम, खवलं, सगळं माझ्यात उतरायचं.

पहिले काही दिवस गाल उजळले. शेजारणी म्हणाल्या, “रतन, नवरीवानी दिसतंस गो!” ती हसली आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट बोट भरून घेतलं. खरं तर तिच्या कातडीचा वरचा पापुद्रा जळत होता. मग आग सुरू झाली. गालांवर फोड आले, फुटले, त्यातून पिवळं पाणी गळू लागलं. बाजारात मासळी सोडून माश्या तिच्या तोंडावर बसू लागल्या. गिऱ्हाईक पाटीकडे यायचं, तिच्याकडे बघायचं आणि नाकाला हात लावून पुढं जायचं. रतननं पदर नाकापर्यंत ओढला, पण लावणं थांबवलं नाही. कातडीतली घाण सुटताना आग होतेच, असं काळूरामनं सांगून ठेवलं होतं.

एका दुपारी कान्हा अंगावर प्यायला आणि आईच्या गालाला गाल लावून झोपला. संध्याकाळी त्याचा गाल लालभडक सुजला. पोर किंचाळायला लागलं. अंगावर घेतलं की तोंड फिरवू लागलं.

गोदूबाईनं दिव्याशी नेऊन आधी पोराचा गाल बघितला. मग सुनेचा पदर मागं सारला. इतक्या दिवसांत तिनं ते तोंड पाहिलंच नव्हतं.

“अगो बाय माझे! काय लावलंस तू त्वांडाला?”

रतननं दिवळीकडे बोट दाखवलं. गोदूबाईनं झाकण उघडलं, वास घेतला आणि दाराबाहेर जाऊन थुंकली.

सकाळी दोघी पोराला आणि मला घेऊन दवाखान्यात गेल्या. तिथं आवडाबाई नर्स होती. तिनं मला हातभर लांब धरलं.

“हे तोंडाला? मी हे पायपुसण्यालाही लावणार नाही.”

“त्यो मलमवाला म्हनला, रूप...” रतन काही सांगू गेली आणि रडायलाच लागली. “माझं जाऊ दे बाय. पोराचं डाग ऱ्हातील का?”

“पोराला थोडंच लागलंय. बरा होईल.” आवडाबाईनं दोघांचे गाल कोमट पाण्यानं हलक्या हातानं धुतले, औषध लावलं, आणि मग खुर्ची ओढून रतनसमोर बसली. “आता ऐक. तोंडाला हात लावायच्या आधी हात साबणानं धू. तोंड घासायचं नाही, टिपायचं. तुझा पंचा वेगळा ठेव, रोज धू, कडक उन्हात घाल. आणि तू उन्हात बसताना पदर कपाळावर पुढं ओढ, टोपलीची सावली कर. पाणी पितेस का दिवसभर?”

“बाजारात कुठं पिनार?”

“मग तांब्या बरोबर ने. ताटात पालेभाजी घे, झोप काढ.”

“आन् वांग? त्यो जाईल?”

“उन्हापासून जपलीस तर फिका पडेल. जाईलच असं मी सांगणार नाही. पण अंगात रोग नाही तुझ्या. डाग आहे, एवढंच.”

गोदूबाईनं घरी येताच खुंटीवरचा पंचा चुलीत घातला. त्याचा असा धूर निघाला की शेजारी धावून आले. कान्हाचा गाल लवकरच बरा झाला. रतनचा बरा व्हायला पुढचा पावसाळा उजाडला. वांग फिका पडला, पण राहिला, आणि तिनं पाटीतल्या पाण्यात बघणं पुन्हा सुरू केलं. काळूराम मात्र बाजारातून नाहीसा झाला होता. दुसऱ्या गावात बसतो, एवढंच ऐकू आलं.

मला फेकायला गोदूबाईचा हात धजला नाही. चांगली डबी! तिनं मला राखेनं घासलं, उकळलं आणि माझ्यात तंबाखू ठेवली. एक चिमूट तोंडात टाकून ती लगेच थुंकली. माझा वास गेला नव्हता. म्हणून पुढं नामा भंगारवाला गल्लीत आला, तेव्हा मूठभर फुटाण्यांवर तिनं मला त्याच्या हवाली केलं.

“बाईच्या चित्राच्या डब्या आनखी हायत का?” नामानं विचारलं. “मलमवाला काळूराम सगळ्या उचलतो.”

आत मासळी साफ करणारी रतन तशीच उठून आली. तिनं त्याच्या पोत्यात डोकावून पाहिलं. माझ्यासारख्या डब्यांनी ते भरलं होतं.

“नामादादा, पोतं हितंच ऱ्हाऊ दे. ह्ये घे सुके बोंबील.”

“येवढे?”

“न्हे सगळे.”

तिनं पोतं अंगणात ओतलं आणि शेजारणींना हाका मारल्या. पहिला दगड तिनं माझ्यावर घातला. मी चेपले, झाकण पुन्हा कधी बसणार नाही अशी चेपले, आणि त्या उकिरड्यानंतर पहिल्यांदा मला स्वच्छ वाटलं. मग साऱ्या बायकांचे दगड सुरू झाले.

जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मित्रांनो, मला जपू नका. गंजू द्या. तुम्ही हात धुवा, स्वच्छ पंच्यानं तोंड टिपा, आणि रूपाचं औषध म्हणून कोणी डबी पुढं केली, तर आत काय आहे ते आधी विचारा.