मागच्या खोलीतली कचेरी

एक्क्याण्णव साली सुमनबाईंनी जळगावातली टायपिस्टची नोकरी सोडली. सासू भिकुबाई शिंदखेड्याकडच्या गावी ओट्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांना जळगावजवळच्या पिंप्राळ्याला, सुमनबाईंच्या घरी आणावं लागलं. नवरा लोटन दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीवर जायचा. दिवसभर घरी कुणीतरी हवं होतं. सुमनबाईंनी एक जुनं मराठी टायपिंगचं मशीन विकत घेतलं, मागच्या खोलीत मांडलं आणि कोर्टाजवळ बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या अमीनभाई अर्जनवीसांचं काम घरी आणलं.

काम मिळालं, पण बसायला मिळेना. शेजारच्या झुंबरबाई दिवसातून चारदा यायच्या. "तू घरीच आहेस ना, सिलेंडरवाला आला तर घेऊन ठेव." कधी दूध बघ, कधी वाळवण राख. नाही म्हणायला सुमनबाईंची जीभ रेटत नसे. नोकरीत असताना त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

एकदा सुमनबाई वारसांचं प्रतिज्ञापत्र टाइप करत असताना झुंबरबाई मध्येच लग्नाच्या गोष्टी सांगत बसल्या, आणि एक ओळ सुटली. त्या ओळीत एका मुलीचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी अमीनभाई कागद घेऊन आले.

"बाई, रावेरहून म्हातारी आली होती सही करायला," ते हळू आवाजात म्हणाले. "तिनंच विचारलं, माझी धाकटी कुठं गेली? कोर्टात तारीख पुढं गेली. तिला परत यावं लागेल."

सुमनबाईंनी कागद पुन्हा टाइप करून दिला. अमीनभाई गेल्यावर त्या स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, मशीन विकून टाकावं, असं त्यांच्या मनात आलं.

पुढच्या खोलीत खाटेवरून भिकुबाईंनी सगळं ऐकलं होतं.

"सुमन," त्यांनी हाक मारली, "दहा वाजनात का तू आत जाय. दार लोटी ले. आठे मी शे." बाहेरचं त्या बघणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सुमनबाई कडक साडी नेसून, वेणी घालून मागच्या खोलीत गेल्या. अकराला झुंबरबाई आल्या.

"ती कचेरीम्हा गयी शे," भिकुबाई म्हणाल्या. "साडेअकराले ये."

"अहो अक्का, मशीनचा आवाज तर येतोय."

"कचेरी शे. मशीन चालसच."

झुंबरबाई फणकारून निघून गेल्या आणि आठवडाभर बोलल्या नाहीत. पण त्या आठवड्यात सुमनबाईंच्या हातून एकही पान खराब झालं नाही.

एक दिवस मात्र काम लांबलं आणि त्या साडेअकराऐवजी बाराला बाहेर आल्या, तर भिकुबाई घामानं भिजलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. तासभर त्यांना लघवीचं भांडं हवं होतं.

"हाक का नाही मारली, आत्याबाई?" सुमनबाईंना रडू आवरेना.

"कचेरीम्हाईन कोनी उठीसन येस का?"

"आमच्या कचेरीतून येतात," सुमनबाई म्हणाल्या आणि त्यांनी सासूला उचलून बसवलं. त्या दिवसापासून दर तासाला दार उघडायचं ठरलं. मध्ये कधीही लागलं तर हाक मारायची, अशी शपथच सुमनबाईंनी सासूला घ्यायला लावली. साडेअकराच्या चहाला सुमनबाई टाइप केलेली पानं खाटेजवळ बसून मोठ्यानं वाचत. ऐकताना चूक कानाला खटकते, असा त्यांचा अनुभव होता. भिकुबाईंना अक्षरओळख नव्हती, पण वारसांची भांडणं त्या मन लावून ऐकत.

दिवाळीनंतर एका अर्जात त्यांनी मध्येच हात वर केला.

"थांब. मांगे तिना बापनं नाव निंबा व्हतं. आते वना कसं व्हयनं?"

सुमनबाईंनी मूळ मसुदा पाहिला. टाइप केलेलं बरोबर होतं; मसुद्यातच बापाचं नाव आधी निंबा आणि पुढच्या पानावर वना असं लिहिलेलं होतं. चूक अमीनभाईंच्याच हातची होती. संध्याकाळी अमीनभाई आले, दोन्ही पानं शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले, मग टोपी नीट करत खाटेपाशी गेले.

"अक्का, उद्याचे तीन अर्ज जरा अवघड आहेत," ते म्हणाले. "तुम्ही ऐकाल का?"

भिकुबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुमनबाईंनी होकाराची मान हलवली, तेव्हा कुठं त्या "हा" म्हणाल्या.