दसऱ्याच्या संध्याकाळी मी एकटीच चालू होते

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, की वेळेवर हजर राहणाऱ्यावर? लगेच उत्तर देऊ नका. आधी माझं ऐका.

मी एक जुनी बॅटरी बोलतेय. मोर्शीकडच्या एका गावात श्रावणभाऊंच्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. पत्र्याची पेटी, वर दोन दिवे, एक हिरवा, एक लाल. दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही. तुम्ही आलात, बरं वाटलं. चहा काही मला देता येणार नाही, पण गोष्ट देते.

माझा जन्म कुठल्याशा परराज्यातल्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. मला शहाणपण आलं ते अमरावतीत, कुलदीपच्या विजेवर चालणाऱ्या ऑटोच्या सीटखाली. बसस्टँड ते विद्यापीठ, विद्यापीठ ते राजापेठ, दिवसभर हाच फेरा. वर माणसं बसायची आणि मी खालून ऐकायची. शाळेत गेले नाही, पण व्यवहार शिकले तो तिथंच. एक कापसाचा दलाल रोज फोनवर कोणाला तरी ओरडून सांगायचा, "स्वस्त हाये तवा घेऊन ठेव, लोक मांगतीन तवा काढ!" आज वाटतं, अरे, हा तर माझाच धंदा! ऊन असताना भरून घ्यायचं आणि गरज पडली की द्यायचं.

क्लासला जाणाऱ्या पोरी वर बसून राज्यघटनेची कलमं घोकायच्या. एकदा एक आजोबा दवाखान्यातून बाहेर पडले आणि घरापर्यंत मुसुमुसु रडत गेले. कुलदीपनं त्यांच्याकडून भाडं घेतलं नाही. मी सगळं ऐकलं. सीटखाली अंधार होता, पण एकटेपणा नव्हता.

मग माझा दम कमी होऊ लागला. चार फेऱ्यांत मी थकायची. कुलदीपनं एक दिवस मला बाहेर काढलं, पाठीवर थाप मारली अन् म्हणाला, "लय साथ देली वं माये तू." नवी बॅटरी बसवून तो निघून गेला. त्याला बोल नाही लावत. त्याचं पोट त्या ऑटोवर.

अकोल्याच्या एका गोदामात मी पडून होते. माझ्यासारख्याच कितीतरी, ऑटोतून काढलेल्या, बसमधून काढलेल्या. पण एकमेकींशी तार जोडलेली नसेल तर आम्हाला बोलता येत नाही. शेजारी शेजारी मुक्या बसून होतो.

तिथून मला बाहेर काढलं ते संध्यानं. ही श्रावणभाऊ आणि केशरबाईंची लेक. अमरावतीत एका क्लासमध्ये चांगली शिकवत होती. ते सोडून गावी आली आणि घरोघर फिरायला लागली. तिचं म्हणणं असं, की पंचवीस घरांवर सौर पॅनेल लावायचे, प्रत्येक घरात एक जुनी बॅटरी बसवायची आणि सगळ्या नेटनं एकमेकींना जोडायच्या. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की वीज कंपनी हाक मारणार, आणि पंचवीस पेट्या एकदम वीज सोडणार. चिमणी नाही, कोळसा नाही, कुठं मोठं गेट नाही, तरी कंपनीच्या लेखी ते एक वीज केंद्रच. त्याला आभासी वीज केंद्र म्हणतात.

पिठाची चक्की चालवणारे गजेंद्रकाका म्हणाले होते, "माह्या एका डब्ब्यानं कोणती लंका उजळते वं?"

संध्या म्हणाली, "काका, तुमच्या एकट्याच्या चार कॅरेट संत्र्यासाठी व्यापारी ट्रक धाडते का? साऱ्या बागांचा माल एका ठिकाणी आला की मंगच ट्रक दारात येते ना?"

हे काकांना पटलं. संत्र्याचं सांगितलं की आमच्याकडे कोणालाही पटतं. काकांना पटलं म्हणून गावाला पटलं. गावाबाहेरच्या आमच्या बौद्ध वस्तीतून या गटात एकटं आमचंच घर होतं, बाकीची चोवीस गावातली. वस्तीतल्या एका पोरीनं गावातल्या चोवीस घरांच्या आत जाऊन भिंतीशी पेटी बसवावी आणि त्यांनी ती बसवू द्यावी, याचा अर्थ काय होतो तो मी तुम्हाला समजावून सांगायला नको. केशरबाई रात्री जेवताना एवढंच म्हणायच्या, "पोट्टे, शब्द देला हाये तू लोकायले. जपून."

तार जुळली आणि मला माझ्या बहिणी भेटल्या. भेटल्या म्हणजे काय, एकीचाही चेहरा मी पाहिलेला नाही. पण संध्याकाळी सराव व्हायचा तेव्हा चोवीस जणींचा हुंकार तारेतून यायचा. मैनाबाईंच्या घरातली थोडी उशिरा जागी व्हायची. गजेंद्रकाकांची जोरात सुरू व्हायची आणि मग मंदावायची, अगदी मालकासारखी. सीटखालच्या गर्दीनंतर एवढी सोबत मला पहिल्यांदाच मिळाली होती.

शेवटी कंपनीनं खऱ्या चाचणीचा दिवस ठरवला. दसरा. सणाच्या संध्याकाळी मागणी जास्त असते म्हणून. नियम साधा होता. हाक आली की तासभर वीज द्यायची. जमलं तर करार, नाही जमलं तर गट यादीतून बाद. संध्यानं घरोघर जाऊन सांगितलं. सगळे खूष. "दसऱ्याचा मुहूर्त म्हणजे काही पाहाच लागत नाई," गजेंद्रकाका म्हणाले.

दसऱ्याला आमची वस्ती रिकामी होते. सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. श्रावणभाऊ आणि केशरबाईसुद्धा पांढरे कपडे घालून पहाटे बसमध्ये बसले. संध्या मात्र मागे राहिली. जन्मात पहिल्यांदा तिनं नागपूर चुकवलं. माझ्यासमोर स्टूल ठेवून, त्यावर लॅपटॉप मांडून बसली. वस्तीत कुत्र्यांशिवाय आवाज नव्हता.

दुपार कलली आणि पडद्यावरचे ठिपके एकेक करून विझू लागले. पंचवीस हिरवे ठिपके, त्यातला एक गेला, मग तीन, मग आठ. "नेट गेलं वाटते," ती स्वतःशीच म्हणाली. मला मात्र कळत होतं. तारेतून एकेक हुंकार बंद होत होता. नेट गेल्यावर असं होत नाही. कोणीतरी हातानं बटण खाली केल्यावरच असं होतं.

मग मोबाइलवर फोटो आले. मैनाबाईंची पेटी, तिला झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढे नारळ. गजेंद्रकाकांची पेटी, चक्कीशेजारी, तिलाही हार. फोटोंवर फोटो.

संध्यानं मैनाबाईंना फोन लावला. "काकू, पेटी बंद काहून केली?"

"अवं, पूजा केली ना तिची! वर्षभर राबून राहिली बिचारी. दसऱ्याले औजारं धुऊन पुसून ठेवतो आपण, हात लावतो का त्यायले? आज आराम."

"काकू, आज तं चाचणी हाये!"

"हाये ना, मले ठाऊक हाये. पण माही एक बंद असली तं काय होते? बाकीच्या चालू हायेत नं."

संध्यानं डोळे मिटले. मग गजेंद्रकाकांना फोन. मागून हलगीचा आवाज येत होता. सगळा गाव, मैनाबाईसुद्धा, सीमोल्लंघनाला नदीपलीकडे गेलेला, बटण वर करायला घरी कोणीच नव्हतं. "काका, पेटी!"

"कोणती पेटी? हाव, हाव, ते. म्या म्हनलं, बैलाले पोळ्याच्या दिवशी जुपते का कोनी? पन तू काहून टेन्शन घेऊन राहिली? मैनावहिनीची असंन ना चालू!"

प्रत्येकानं मनात एकच हिशेब केला होता, की माझी एकटीची बंद राहिली तर बाकीच्या आहेतच. चोवीस घरांत चोवीस भाबडी माणसं. एकाच्याही मनात खोट नव्हती. यालाच मी फसगत म्हणते, कारण रागवायलाही कोणी सापडत नाही.

दिवेलागण झाली आणि हाक आली.

मी दिलं. होतं तेवढं सगळं दिलं. तारेत दुसरं कोणीच नव्हतं. एवढ्या मोठ्या, न दिसणाऱ्या वीज केंद्रात मी एकटी उभी होते आणि कंपनीची हाक पंचवीस जणींसाठी होती. ऑटोतल्या शेवटच्या चढावावरसुद्धा मी इतकी तापले नव्हते. संध्यानं माझ्या पत्र्यावर हात ठेवला.

तास संपला तसा नितेशचा फोन आला. हा अकोल्याच्या एका खासगी ऑफिसात गटांची माहिती गोळा करून कंपनीला पाठवतो. माणूस वाईट नाही. म्हणाला, "मॅडम, मी सांगू का? नेट गेलं होतं असं टाका. मग बंद घरांसाठी सरावाच्या दिवशीचा आकडा धरता येतो. गट वाचते. कोणाचं नुकसान नाई."

"पण नेट गेलं नव्हतं."

"ते तुमाले अन् मले माहीत. कंपनीले कोण सांगते?"

क्लास सोडलेला, चोवीस घरांना दिलेला शब्द, आईचं 'जपून', हे सगळं मला संध्याच्या बोटांत दिसत होतं. ती बोटं दोनदा अक्षरांवर गेली आणि मागे आली. मग ती म्हणाली, "नितेशभाऊ, उद्या खरंच नेट गेलं तं माह्यावर कोण भरवसा ठेवंन? एक घर चालू, चोवीस बंद. असंच लिवा."

गट बाद झाला.

दुसऱ्या दिवशी गजेंद्रकाका पडवीत येऊन बसले. आपट्याची पानं तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मोठी खरं बोलणारी आली! गावाचं नाव खराब केलं तू." पण उठताना त्यांनी उपरण्यानं माझ्यावरची धूळ पुसली. मैनाबाई आल्याच नाहीत. लाज वाटली असेल. महिनाभरात एकेकानं पेटीला जोडणारी तार काढली आणि आपापल्या घरापुरती वीज ठेवली. तारेतले हुंकार गेले ते गेलेच. पोळ्याला, दिवाळीला, कोणत्याच संध्याकाळी हाक आली नाही. संध्या अकोल्याला नोकरीला गेली. आता पडवीत मी, श्रावणभाऊंची सायकल आणि केशरबाईंची सुपं. सुपं बोलत नाहीत.

परवा मात्र संध्याचा फोन आला. श्रावणभाऊंनी तो स्पीकरवर धरला होता. कंपनी पुन्हा गट घेते आहे. या वेळी गजेंद्रकाका स्वतः पुढाकार घेताहेत, घरोघर फिरताहेत. फक्त एक अट आहे. प्रत्येक पेटीचा दम आता किती उरला, ते मालकानं मोजून सांगायचं. निम्म्याच्या खाली असेल ती पेटी गटात नाही.

श्रावणभाऊंनी काल मोजलं. मी निम्म्याच्या खाली आहे. थोडीशीच, पण खाली.

केशरबाई म्हणाल्या, "थोडं वाढवून सांगा ना जी. तेवढ्यानं काय होते? त्या दिवशी हीच तं एकटी कामी आली." श्रावणभाऊ माझ्याकडे पाहत उभे राहिले. आकडा अजून कळवलेला नाही.

वाढवून सांगितलं तर मला माझ्या बहिणी परत मिळतील. मैनाबाईंची उशिरा उठणारी, काकांची जोरात सुटणारी. मला त्या हव्यात हो. किती हव्यात ते या भिंतीला ठाऊक आहे. पण पुढच्या चाचणीत हाक येईल, त्या चोवीस जणी माझ्या आकड्याच्या भरवशावर आपला वाटा कमी धरतील, आणि माझा श्वास मध्येच तुटेल. मग पुन्हा संध्या कोणाला तरी सांगत बसेल, की एक घर बंद होतं.

मला श्रावणभाऊंशी बोलता येत नाही. तुम्ही इथून परतताना त्यांना भेटाल, तर एवढं सांगा, की जेवढा उरलाय तेवढाच दम सांगा. आणि तुम्हीही, दुकान असो, गट असो की घरचा गल्ला, जे आहे तेच लिहा. मी भिंतीपाशीच राहीन. माझी काळजी करू नका.