डावखुऱ्याची किल्ली

सफोकमधल्या गावच्या सभागृहात दर महिन्याला थेल्माबाई टेबल मांडून बसत. धातू हुडकणारं यंत्र घेऊन शेतं पालथी घालणारे सापडलेल्या वस्तू त्यांच्याकडून ओळखून घेत. आज क्लिफर्डने वडिलोपार्जित शेतातली पितळी किल्ली पुढे ठेवली.

"मठाच्या खजिन्याची असणार, बाई."

"तुम्हा लोकांना दरवेळी मठच कसा आठवतो? ही कपाटाची आहे. शंभरेक वर्षांची."

त्याचं तोंड उतरलं. बाईंनी कुलपात घालताना धरतात तशी, दात खाली करून, किल्ली धरली आणि तिच्या मुठीवरून बोट फिरवलं.

"अंगठ्याने झिजलेला खळगा उजवीकडे आहे. वापरणारा डावखुरा होता."

क्लिफर्डने डाव्या हातातला चहा खाली ठेवला आणि त्याच हाताने किल्ली उचलली. अंगठा खळग्यात चपखल बसला.

"आजोबा," तो पुटपुटला.