डबल बेलची बिटर

"विल्फ, ती बादली कपाटातून बाहेर काढ, नाहीतर मी तुला घरातून काढीन!" एडना जिन्यावरून ओरडली. "टॉवेल अंगाला लावला की गुत्त्यात उभी असल्यासारखं वाटतं."

"गुत्त्यात टॉवेल देत नाहीत," विल्फ म्हणाला आणि त्याने झाकण उचलून हॉप्सच्या हिरव्या बोंडांची आणखी एक मूठ आत सोडली.

आमच्या हॅलिफॅक्समध्ये गरम पाण्याच्या टाकीचं कपाट ही घरातली सर्वांत उबदार जागा. लोक तिथे टॉवेल ठेवतात. विल्फ ग्रीनहॉफ तिथे बिटर आंबवतो. फिकट रंगाची, कडवट बिअर. कडूपणा हॉप्सचा आणि वासही हॉप्सचाच. विल्फच्या हातची बिटर साधारण बरी व्हायची. जन्मभर बस चालवलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची?

यंदा मात्र त्याने प्रमाण सोडलं होतं. कारण आर्नल्ड.

आर्नल्ड त्याचा कंडक्टर. पुढे विल्फ, मागे आर्नल्ड. अर्धं आयुष्य दोघांचं बोलणं बेलवरच झालं. एक बेल, थांब. डबल बेल, सोड. निवृत्तीनंतर ते शब्दांत बोलू लागले आणि ताबडतोब भांडू लागले.

हिवाळ्यातल्या तापात आर्नल्डचं नाक गेलं. म्हणजे जागेवर होतं, कामावर नव्हतं. नाकाच्या संपात जीभही सामील झाली. मासा काय, कापूस काय, सगळं सारखंच. माणूस विधुर. आधी त्याने जेवण टाकलं, मग पबात येणं, मग दाढी करणं.

"डॉक्टर म्हणाले, कधीकधी परत येतं," विल्फने समजूत घातली.

"बसबद्दल आपणही हेच सांगायचो."

तेव्हापासून विल्फ प्रत्येक खेपेला हॉप्स वाढवायचा आणि बाटली घेऊन आर्नल्डकडे जायचा.

"कशी आहे?"

"ओली आहे."

या खेपेची एक बाटली त्याने पबातल्या घरगुती बिअरच्या स्पर्धेत ठेवली. परीक्षकाने घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

"ही प्यायची," अखेर त्याने विचारलं, "की वाळवी लागू नये म्हणून कुंपणाला फासायची?"

विल्फचा नंबर शेवटचा आला. घरी येऊन तो कोट न काढताच खुर्चीत बसला आणि झालं ते सांगितलं.

"परीक्षकाला एवढी कडू लागली?" एडनाने विचारलं.

"डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या."

"मग इथे काय बसलायस, मेल्या? आर्नल्डकडे ने!"

आर्नल्ड बनियनवरच बसला होता. विल्फने ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला आणि स्वतः पाठ फिरवून फायरप्लेसकडे तोंड करून, मान खाली घालून उभा राहिला. इतक्या वेळा ते उत्तर ऐकल्यावर तोंड बघायची हिंमत राहिली नव्हती.

"ओली..." आर्नल्ड म्हणाला आणि थांबला. पुन्हा एक घोट घेतल्याचा आवाज आला.

"शी! गाढवा, काय घातलंयस यात? कडूजहर आहे ही!"

 नाकाने एक लांब श्वास ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ फक्त पिण्याचा.

आणि मागून अंगठीने रिकाम्या ग्लासावर वाजवलेले दोन टोले.

विल्फने ड्रायव्हरच्या सवयीप्रमाणे आधी फायरप्लेसवरच्या आरशात पाहिलं. मागचा कंडक्टर दाढीच्या खुंटांवरचा फेस पुसत होता. मग त्याने बाटली उचलली.