वगळलेल्या तीन तुकड्या

"एकवीस गाई, आणि एकही गाभण नाही," ताई फोनवर म्हणाली. "गोठेवाल्यानं सगळ्या गड्यांसमोर सुनावलं, डॉक्टरीणबाई, तुमच्या हाताला यश नाही, उद्यापासून येऊ नका."

ताई जनावरांची डॉक्टर. प्रयोगशाळेत काचेच्या थाळीत वाढवलेले सात दिवसांचे भ्रूण ती गाईंच्या गर्भाशयात सोडायची. ते भ्रूण वाढवायची तिची सख्खी धाकटी बहीण. अठरा वर्षांत ताईच्या हाताला कुणी नावं ठेवली नव्हती.

ते एकवीस भ्रूण धाकटीला पक्के आठवत होते. चौथी, पाचवी आणि सहावी तुकडी. प्रत्येक तुकडीतले, म्हणजे एका खेपेला वाढवलेल्यांतले, काही भ्रूण गाईंकडे जात. उरलेले फोडून ती बघायची, कुठली जनुकं जागी झालीत आणि कुठली अजून झोपलेली आहेत. एवढ्या कोवळ्या वयात रोगाशी झुंजणारी जनुकं बहुतेक गप्पच असायची. या तीन तुकड्यांत मात्र त्यांनी आकांत मांडला होता. सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण दिसायला अगदी गोंडस, अव्वल दर्जाचे.

हे निकाल हाती आले तोवर भ्रूण गाईंच्या पोटात गेलेले होते. तिनं ते विभागप्रमुखांना दाखवले. "यंत्राचा घोळ असेल, पुन्हा करून बघू," सर म्हणाले. पुन्हा कुणी काही केलं नाही. तिनंही पिच्छा पुरवला नाही.

आता तिनं सरांनी छापायला पाठवलेला शोधनिबंध उघडला. तुकड्या बारा वाढवल्या होत्या, तक्त्यात नऊच; नेमक्या त्याच तीन गायब. खाली तिचंही नाव होतं.

तिनं नोंदवही काढली. तिन्ही तुकड्यांना एकाच नव्या बाटलीतलं, भ्रूणांना पोसणारं सीरम घातलेलं होतं. फ्रीजरमध्ये बाटलीच्या तळाशी थोडं उरलं होतं. तिनं जंतूंच्या विषाची चाचणी लावली. तासाभरात थेंब गडद पिवळा झाला. विष होतं, आणि भरपूर होतं.

ती तडक सरांच्या खोलीत शिरली.

"तीन तुकड्या कुठं गेल्या, सर?"

"अगं, बस आधी. ते आकडे बाकीच्यांपासून फटकून होते. असे सोडावे लागतात."

"सीरम खराब होतं. हा बघा निकाल. भ्रूण थाळीतच होरपळत होते आणि आपण ते गाईंना दिले."

सरांनी कागद बघितलाही नाही. "गाय गाभण न राहण्याला शंभर कारणं असतात. तुझ्या बहिणीचा हातही त्यातच आला."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आकडे तुम्ही लपवायचे आणि खापर तिच्या डोक्यावर फोडायचं? निदान लाज तरी बाळगा!"

"आवाज खाली! निबंधावर नाव तुझंही आहे."

"होतं. तीन तुकड्या परत घाला, नाहीतर मीच संपादकांना कळवते."

सर हसले. तिनं त्याच दुपारी नोंदवहीच्या पानांसकट पत्र पाठवून दिलं.

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात तिनं सगळं सांगितलं. ताईनं हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं.

"म्हणजे तुला तेव्हाच शंका आली होती?"

"सर म्हणाले, पुन्हा करू..."

"सर म्हणाले! आणि मी तुझी कोण? गेले दोन महिने एकेक गाय रिकामी निघत होती, मला झोप नाही. माझंच कुठं चुकलं म्हणून रोज स्वतःचे हात बघत बसते मी. एक फोन करता आला नाही तुला?"

धाकटीला सरांवर ओरडणं त्यामानानं सोपं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गोठ्यावर गेली. गड्यांसमोर म्हणाली, "चूक आमच्या थाळीत झाली. ताईचा काही दोष नाही. मला आधी कळलं होतं, मी बोलले नाही." गोठेवाल्यानं तिला यथेच्छ शिव्या घातल्या. तिनं मान खाली घालून ऐकून घेतल्या. मग त्यानं तिथूनच ताईला फोन लावला. "बाई, सोमवारी या."

"सगळ्यांसमोर हाकललंत ना? मग सगळ्यांसमोर माफी मागा, मग बघू," ताईचा आवाज फोनबाहेरही खणखणीत ऐकू आला.

त्यानं मागितली, चरफडत का होईना.

निबंधाची छपाई थांबली. सरांनी धाकटीकडून प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. चौकशी सुरू आहे. ताई पुन्हा त्या गोठ्यावर जाते. धाकटीशी मात्र ती अजून धड बोलत नाही.