हौशीरामाचा हुंकार

हं.

हा हुंकार हौशीरामाचा. तो झोळीत आडवा होता. झोळी म्हणजे कळकाच्या दांड्याला बांधलेली घोंगडी. दांड्याचं पुढचं टोक शेजारच्या सोपानच्या खांद्यावर, मागचं मेहुण्याच्या, गेणूच्या. हौशीरामाचं डोकं मागच्या बाजूला होतं, त्यामुळे गेणूला चालता चालता त्याचा चेहरा दिसत होता. कुरवंड्याहून लोणावळ्याच्या दवाखान्यापर्यंत तीन मैलांच्या वरच. उन्हं नुकती अंगावर आली होती.

हं.

सकाळी बांधावरचं गवत कापताना हौशीरामाच्या पोटरीला काहीतरी डसलं. सळसळ झाली, शेपूट दिसलं न दिसलं, आणि रक्ताचे बारीक ठिपके आले. गुडघ्याखाली फडकं करकचून बांधलं. मग रखमाजी आबांनी सगळ्यांना ठाऊक असलेलंच पुन्हा सांगितलं. साप चावलेल्याला झोपू द्यायचं नाही. झोपला की गेला.

झोपू द्यायचं नाही, तर गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. हुंकार येतोय तोवर माणूस आहे.

हं.

आणि गोष्ट सांगायची तर ती आबांनीच. सगळ्या गावात त्यात दुमत नव्हतं. आबा झोळीला हात लावून बाजूने चालत होते आणि त्यांचा आवाज सायीसारखा येत होता.

"तर त्या राजाच्या बागंत येक चांदीचं झाड. झाडाला चांदीची पानं. वारा आला की पानं वाजायची, किनकिन, किनकिन. राजाला वाटायचं, कुनीतरी लांबून हाक मारतंय..."

हं.

"...मंग राजा निघाला. येक नदी वलांडली, दुसरी वलांडली, दुसरीचं पानी पयलीपरीस निळं..."

ह.

आबांची गोष्ट अशीच असायची. कुठं खडा नाही, कुठं खाचखळगा नाही. लग्नघरी, कणगीपाशी, भातझोडणीला, ऐकणारा तिच्यावर बसून वाहत जायचा. गेणूलाही ती आवडायची. पण आता त्याला दिसत होतं की हौशीरामाचे तांबारलेले डोळे मिटत चाललेत, आणि ओठ हलताहेत पण आवाज फुटत नाही.

"...तिसऱ्या नदीच्या काठाला येक..."

"आबा," गेणू म्हणाला. "हुंकार न्हाई आला."

झोळी थांबली. मागून येणारी झुंबरबाई, हौशीरामाची बायको आणि गेणूची धाकटी बहीण, थांबली. ती गेणूकडं बघत राहिली.

"हौशीराम," आबांनी गाल थोपटला. "आरं, तिसऱ्या नदीच्या काठाला काय व्हतं?"

काही नाही.

(इथं आबांची गोष्ट तुटते. चांदीचं झाड, राजा, तिसरी नदी, सगळं तिथंच राहिलं.)

"इख चढलं," सोपान पुटपुटला.

गेणूला गोष्ट सांगता येत नसे. नवलाख उंबऱ्याला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावातसुद्धा, त्याला कोणी सांग म्हणत नसे. हौशीराम तर चारचौघांत म्हणायचा, "आमचं मेहुणं गोष्ट सांगाया लागलं की राजा आधी मरतो आन मग जल्माला येतो." पण बहीण बघत होती. गेणूला एकच गोष्ट आठवली, तीसुद्धा धड नाही.

"दाजी," तो झोळीवर वाकून म्हणाला. "तुमची वरात आठवती का? उंबऱ्याच्या येशीत घोडी उधळली. पांढरी घोडी. आन नवरदेव दाणकन पडला."

काही नाही.

"दाणकन पडला. आन फेटा चिखलात."

एक पापणी हलली.

"पडलो न्हाई," हौशीराम म्हणाला.

"आँ?"

"उतरलो."

सोपानने पाऊल उचललं. झोळी चालू लागली.

"लोक तर म्हनत्यात पडला."

"कोन म्हनतं? घोडी थांबली, मी उतरलो. आन पांढरी न्हवती. तांबडी व्हती."

"पांढरीच. भाड्यानं मी आणली व्हती."

"तुमी आणलीत म्हनूनच उधळली."

घोडीचा रंग गेणूला खरंच आठवत नव्हता. पुढं मात्र तो मुद्दाम चुकू लागला. वाजंत्री तळेगावचे होते, ते त्याने वडगावचे केले. जेवणात लापशी होती, तिथं त्याने बुंदी वाढली. हौशीराम कोपरावर उठू बघत होता. भुशीच्या बाजूला उतार लागला तेव्हा आबा मध्येच म्हणाले, "आरं, पन वरात आधी का जेवण आधी? नीट सांग की."

"आबा, तुमी गप चला," झुंबरबाई म्हणाली. तिच्या तोंडातून निघालेला हा पहिला शब्द.

"जेवान आधी," गेणू म्हणाला.

"जेवान मागनं," हौशीराम ओरडला. "आधी जेवलो आसतो तर घोडीवर बसलो आसतो व्हय?"

"म्हनून तर पडला."

"उतरलो म्हनतो ना, आरं..."

असे ते लोणावळ्यात शिरले. बाजारातली माणसं वळून बघत होती. झोळीतला माणूस भांडत दवाखान्यात चाललेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार.

*

डॉक्टरांनी फडकं सोडायला लावलं. पोटरी धुतली, भिंगातून पाहिली, आणि सगळ्यांना बाहेर बसवलं. उन्हं डोक्यावर आली तरी बसवून ठेवलं. अधूनमधून ते आत जाऊन नाडी बघत, पापण्या वर करून बघत. आतून गेणूला हौशीरामाचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. तो धावत आत गेला.

"डॉक्टरसाहेब, झोपला ओ."

"रात्री झोपला होता का?"

गेणूने बहिणीकडं पाहिलं.

"चार राती रानातल्या माळ्यावर जागं हाईत," झुंबरबाई दारातून म्हणाली. "भात काढणीला आलंय. रानडुकरं शिरत्यात."

"मग झोपू द्या की," डॉक्टर म्हणाले. "बारीक दातांची ओळ आहे. विषारी साप असा चावत नाही, आणि इतका वेळ वाट पाहिली, काही चढलेलं नाही. उगाच जागवलंत बिचाऱ्याला."

झुंबरबाई दाराशीच खाली बसली. पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले. गेणू घाबरून जवळ गेला, तर ती हसत होती. रडतही होती, पण हसणं जास्त होतं.

सोपान म्हणाला, "आबा, तुमच्या गोष्टीनं हौशीराम तवाच निवांत झोपला आसता. सुखात."

आबांनी तंबाखू मळून घेतली. चेहऱ्यावरून त्यांना लागलं होतं की नव्हतं, कळत नव्हतं. मग ते गेणूकडं सरकले.

"खरं सांग. पडला का उतरला?"

"झुंबरीला इचारा."

"मी हळदीच्या अंगानं घरात व्हते," झुंबरबाई डोळे पुसत म्हणाली. "मला काय दिसनार?"

गेणू आत गेला. हौशीरामाचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि कपाळावरच्या आठ्या अजून भांडणातल्याच होत्या. गेणू त्याच्या कानाशी वाकला.

"उतरला व्हतात, दाजी. घोडीबी तांबडी."

तो थांबला. एक लांब घोरणं आलं. गेणूने ते हुंकारात धरलं.